आमच्या सौ.ची शस्त्रं

मला जुने रेडिओ स्कॅनर शोधून दुरुस्त करायचा नाद होता. स्कॅनर म्हणजे कागदाचा नव्हे. एकामागून एक लहरी चाचपत जाणारा आणि कुठे कोणी बोलत असेल तिथे थांबून ऐकवणारा रेडिओ. हा शेवटचा मला इथल्या यिशुन भागात एका म्हाताऱ्या भंगारवाल्याकडे सापडला. आत सेल गळून पत्रे हिरवे पडले होते. लिंबाने घासले, दोन कपॅसिटर बदलले, तुटलेली वायर डाग देऊन जोडली, आणि एका रविवारी दुपारी आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये त्याला कंठ फुटला. खाडीतल्या कुठल्याशा टगबोटीवरचा माणूस कंटाळलेल्या आवाजात बोलत होता. त्या आनंदात गॅसवरचा चहा उतू गेला.

नियम मग वाचला. सूचना शेवटी वाचायची ही माझी जुनी खोड. या परक्या देशात असं यंत्र परवान्याशिवाय घरात ठेवायला बंदी आहे. आणि आम्ही इथे राहतो ते माझ्या नोकरीच्या पासवर. मी नोकरी करते, नवरा घर सांभाळतो, मुलगी पहिलीत. तिघांचं बिऱ्हाड त्या एका कार्डाला टांगलेलं, आणि त्याच महिन्यात ते कार्ड पुन्हा मंजूर व्हायचं होतं. पुढच्या आठवड्यात मोडू, पुढच्या आठवड्यात मोडू, असं म्हणत मी स्कॅनर माझ्या हत्यारांच्या खोक्यातच ठेवला. नवऱ्याला काही बोलले नाही. उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला, म्हटलं. मूर्खच मी.

दसऱ्याला इथे सुट्टी नसते. मी त्या दिवशी जरा उशिरा, बाराच्या सुमारास ऑफिसला निघाले, आणि नवऱ्याला मला खूश करायची हुक्की आली. त्याने माझं खोकं उघडलं, पक्कड, मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सगळं पाटावर मांडलं, मधोमध स्कॅनर. तोही चालू करून, दिवा लागलेला दिसावा म्हणून. हळदकुंकू, झेंडू, साग्रसंगीत. फोटो काढला आणि मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला: 'आमच्या सौ.ची शस्त्रं'. तिथवर ठीक होतं. पण त्याला हौस भारी. तोच फोटो त्याने बिल्डिंगच्या ग्रुपवरही टाकला, शस्त्रपूजेचं इंग्रजी करून: 'टुडे वुई वर्शिप माय वाइफ्स वेपन्स'.

मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी होते. फोनवर ते वाचलं. फोटोखाली सातव्या मजल्यावरच्या अंकलनी विचारलं होतं, 'वेपन? व्हॉट वेपन?' पण खरी धडकी भरली ती त्याखालच्या ओळीने. कोणा शेजारणीने लिहिलं होतं, 'दॅट वन स्कॅनर, इज इट?'

पुढच्या स्टेशनवर उतरून मी त्याला फोन लावला.

"अरे, तो फोटो काढ आधी."

"का? छान आलाय की. आणि शस्त्रांना इंग्रजीत दुसरं काय म्हणू?"

"तुझ्या पाया पडते, काढ. तो स्कॅनर ठेवायला इथे बंदी आहे. आपल्याला परत पाठवतील."

फोन न ठेवताच त्याने दोन्ही ग्रुपवरून फोटो काढला.

आजारी आहे असं ऑफिसला कळवून मी माघारी फिरले. बिल्डिंगखाली गणवेशातली दोन माणसं उभी दिसली. खांबाआड थांबले. मनात सामान कुठल्या बॅगेत भरायचं याची यादी. ती लिफ्ट दुरुस्त करायला आलेली माणसं निघाली.

घरात शिरले ती थेट पाटाशी. नवरा पांढराफटक पडला होता, तरी म्हणाला, "आज नको गं. पुजलेली वस्तू दसऱ्याला हलवत नाहीत."

"मी हलवत नाहीये. फोडतेय."

महिनाभर खपून जिवंत केलेलं यंत्र मी पाच मिनिटांत पकडीने तोडलं. बोटांना कुंकू लागलं होतं. हे चालू असताना मुलगी शाळेतून आली आणि बघतच राहिली. मी तिचा दंड धरला. कोणाला सांगायचं नाही, टीचरला नाही, मैत्रिणींना नाही. तीनदा वदवून घेतलं. सोडलं तेव्हा दंडावर माझी बोटं उमटली होती.

कोणीही आलं नाही. पासही मिळाला. तरी भलत्या वेळी बेल वाजली की अजून मी आधी दाराच्या भोकातून बाहेर बघते.

परवा शाळेत पालकांची भेट होती. टीचर हसत म्हणाल्या, आईबाबांच्या छंदावर बोलायचं होतं, तर ही म्हणाली, आईला कसलाच छंद नाही, ती घरी आली की नुसती बसते. बाहेर आल्यावर पोरीने मला खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "आय डिडन्ट टेल, मम्मी. डोन्ट स्केअर लाह." इथल्या पोरांच्या इंग्रजीत, घाबरू नकोस.

खोटं बोलली म्हणून एरवी मी तिला रागावते. त्या दिवशी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "शहाणी गं बाई माझी ती."