डॉक्टर पगारे यांनी दिलेली विश्रांती

डॉक्टर प्रल्हाद पगारे यांच्या दवाखान्यात भिंतीवर एक घड्याळ होते आणि त्याखाली त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी होती : 'वेळ चुकवणाऱ्याने पुन्हा क्रमांक लावावा.' रविवार कारंजाजवळच्या त्या दोन खोल्यांत मनाच्या आजारांवर उपचार होत. १९८५ साल उजाडले तरी नाशकातली माणसे तिथला जिना चढण्यापूर्वी ओळखीचे कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून घेत. वर आल्यावर मात्र त्यांना कळे, की इथे आपल्याला कोणी हसत नाही. उशीर झाला तर तेवढी बोलणी बसतात.

त्या वर्षी डॉक्टरांच्या वर्तुळात एक वाद रंगला होता. जुना कायदा बदलणार अशी बोलवा होती. मनोरुग्णाला रुग्णालयात ठेवावे की घरी, यावर दोन तट पडले होते. पगारे घराच्या बाजूचे. श्रावणातल्या सभेसाठी त्यांनी भाषण लिहून ठेवले होते आणि त्यात मुख्य दाखला होता तो मखमलाबादच्या ठमाबाईचा. दोन वर्षांपूर्वी ही बाई कानात येणाऱ्या आवाजांशी भांडत घराबाहेर पडली होती. गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबले. 'आज रुग्ण घरी स्वस्थ बसून आहे,' हे वाक्य पगाऱ्यांनी दोनदा घासूनपुसून लिहिले होते.

सभेला आठवडा उरला असताना ठमाबाईचा नवरा मल्हारी आपली आई सखुबाई हिला घेऊन आला. ठमाबाई बाहेरच्या बाकावर बसली होती.

"सायेब, दाखला पायजे," मल्हारी म्हणाला. "मॅजिस्ट्रेटसाहेबांकडं लावायला. ठमीला येड्यांच्या दवाखान्यातच भरती करतो."

पगाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुन्हा आवाज येतात?"

"नाय."

"उठून कुठे जाते? भांडते?"

"भांडली असती तर बरं झालं असतं," सखुबाई म्हणाली. "घरात माणूस हाय असं तरी वाटलं असतं."

"मग त्रास काय आहे?"

"बसते," मल्हारी म्हणाला. "तुम्हीच सांगितलं व्हतं, हिला इश्रांती द्या, काम सांगू नका. आम्ही तुमचा शब्द मोडला नाय. मळ्यातल्या गुलछडीची तोडणी, गंगेच्या घाटावर फुलं इकायची टोपली, चूल, समदं धाकट्या सुनेकडं गेलं, मैनाकडं. ठमीला एक कोपरा राह्यला. लोक म्हणत्यात, धडधाकट बाई बसून खाते म्हंजे येडीच. पुतणीचं लगीन जमवायचं हाय, सायेब. पाव्हणे आले का पहिली नजर कोपऱ्यात जाते."

पगाऱ्यांनी ठमाबाईचा जुना कागद काढून पाहिला. ती विश्रांती त्यांनी महिन्याभरासाठी सांगितली होती आणि मागे घ्यायची राहून गेली होती. दर खेपेस ते झोप विचारत, भूक विचारत, गोळ्या विचारत. दिवस कसा जातो, हे त्यांनी एकदाही विचारले नव्हते.

त्यांनी ठमाबाईला आत बोलावले. "बाई, दिवसभर काय करता?"

"बसते," ती शांतपणे म्हणाली. "तुमचाच हुकूम हाय नव्हं? कोणी मोडू देत नाय."

"काम करावेसे वाटते?"

"पहाटे जाग येतीच. मैना तोडणीला निघते, तिच्या बांगड्या ऐकत पडून राहते."

पगाऱ्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "दाखला मी देणार नाही. माझी विश्रांती मात्र आजपासून संपली. ठमाबाईंनी तोडणीला जायचे आणि टोपली घेऊन बसायचे. महिनाभर पाहा. नाहीच जमले, तर मग बोलू."

"मैना टोपली सोडायची नाय," मल्हारी पुटपुटला.

"लिहून द्या, सायेब," सखुबाई म्हणाली. "आमच्या घरात सासूला कोणी भीत नाय, पण गोळ्यांच्या कागदाला समदी भित्यात."

पगाऱ्यांनी कागद ओढला. रात्रीची गोळी दिवेलागणीला घ्यावी, म्हणजे पहाटे अंग जड राहणार नाही, असे लिहिले. त्याखाली त्याच अक्षरात लिहिले : 'तोडणी आणि टोपली, रोज.'

सभेत त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्वस्थ बसण्याचे ते वाक्य गाळले, आणि ते का गाळले तेही सांगितले. एक ज्येष्ठ डॉक्टर हसले. "पगारे, आमच्या बाजूला आलात म्हणायचे!"

"नाही," पगारे म्हणाले. "मी अजून घराच्याच बाजूचा आहे. घरात माणसाकडे काय काम उरले आहे, एवढे विचारायचे राहिले होते."

महिन्याने ठमाबाईचा क्रमांक सकाळी दहाचा होता. ती आली तेव्हा बारा वाजून गेले होते. वाल्मीक कंपाउंडरने पाटीकडे बोट दाखवले.

"गिऱ्हाईक बसलं व्हतं समोर," ती म्हणाली. "त्याला उठवू का, आमचे डॉक्टर रागावत्यात म्हणून?"

पगाऱ्यांनी तिला आत घेतले. झोप, भूक, गोळ्या विचारून झाल्यावर त्यांनी टोपलीचे विचारले.

"पहिल्या दिवशी कोणी बोहनी करंना. येडीच्या हातची बोहनी म्हंजे दिवस खोटा, म्हणाल्या बाया. मैना गालात हसत व्हती. मग सासूबाई पुढं आल्या. आपल्याच मळ्याची फुलं, आपल्याच सुनेकडून, रोख पैसे मोजून घेतली. वर घासाघीस केली."

"घासाघीस कशाला?"

"नाय तर बायांना खरं कसं वाटावं?" ठमाबाईने पदर सावरला. "मोठ्यांदा म्हणाल्या, ठमे, लुटतेस का गं गिऱ्हाइकाला. तवा दुसरी आली."

"आणि मल्हारी? दाखल्याचे काही बोलतो?"

"आता म्हणतो, ठमे, पाव्हणे येणार त्या दिवशी तरी टोपली लवकर आवर, घरात कोणी दिसत नाय."

पगाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिले. मग दाराशी उभ्या असलेल्या वाल्मीकला सांगितले, "यांना यापुढे दुपारचा क्रमांक देत जा."

"तीननंतर," ठमाबाई म्हणाली. "त्याआधी जमायचं नाय."

डॉक्टरांनी तीन लिहिले.