होडी पाण्यात जाईपर्यंत

माझे बाबा मालवणच्या किनाऱ्यावर होड्या बांधत. ते कुणाचे नोकर नव्हते. गिऱ्हाईक येई, पानसुपारी होई, लांबीरुंदी ठरे आणि काम सुरू. मध्ये कागद नसे. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा देवगडकडचा एक व्यापारी मालाची होडी बांधून घ्यायला आला, तो स्टॅम्पपेपर घेऊनच.

मी नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले होते. करारनामा वाचायचा मान अर्थातच माझा. ती कचेरीतली मराठी मी घडाघडा वाचून दाखवली. त्यात एक कलम होतं: होडी पाण्यात जाईपर्यंत तिची सर्व डागडुजी सुताराने करावी व तोवर दुसरे काम अंगावर घेऊ नये.

“म्हणजे काय ता?” बाबांनी विचारलं.

“काय नाय, नेहमीचाच आसा,” मी म्हणाले. काय अक्कल पाजळली मी! बाबांनी सही केली.

मार्गशीर्षात होडी तयार झाली. शिरोड्याचे दोघे भाऊ मासेमारीच्या होडीसाठी बाबांचीच वाट बघत होते. त्यांचं लाकूडही कापून पडलं होतं. बाबांनी व्यापाऱ्याला निरोप पाठवला. उत्तर आलं, मुहूर्त बघतो. पौष गेला, माघ गेला, मुहूर्त काही सापडेना. कसा सापडणार? होडी पाण्यात गेली की माल नसतानाही खलाशी पोसावे लागणार. वाळूवर होती तोवर तिची राखण फुकट होत होती, आणि राखणदार होते माझे बाबा.

कोरड्या वाऱ्याने फळ्या आकसत, सांधे उघडत. बाबा पुन्हा कापूस ठोकत, पुन्हा डांबर लावत. वर माडाच्या विणलेल्या पात्यांचे झाप घालत, ओली पोती टाकत. स्वतःचंच केलेलं काम ते तिसऱ्यांदा करत होते आणि मी शाळेत मुलांना प्रामाणिकपणाचे धडे देत होते. माझं डोकं फिरलं. मी तो कागद काढून पुन्हा वाचला, या वेळी समजून घेण्यासाठी.

“बाबा, तुमीच घाला होडी पाण्यात. मालकानच घालूची असा खंय लिवलेला नाय.”

बाबांनी डांबराचा कुंचा खाली ठेवला. “दर्याक पयलो नारळ मालकाचो गो. तेच्याशिवाय एक तांडेल, एक खलाशी तरी त्या होडयेत पाय ठेवतलो काय?”

त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं! कागदाने बांधलं ते बांधलंच, वर बाबांच्या रीतभातीचाही त्याने दोर केला. मी बाबांना न सांगता देवगडची वाट धरली आणि थेट त्याच्या पेढीवर जाऊन उभी राहिले.

“तूच वाचून दाखवलंस ना?” तो हसत म्हणाला. “मग आता तक्रार कसली?”

“हो, मीच वाचलं,” मी म्हणाले. “म्हणून सांगते. येत्या सोमवारी भरतीला होडी पाण्यात जाणार. नारळ तुमचा असो वा नसो.”

दुकानातली गिऱ्हाइकं ऐकत होती. त्याचं हसू मावळलं. बिननारळाची होडी म्हणजे बिनखलाशांची होडी, हा हिशेब त्यालाही येत होता. सोमवारी तो नारळ, फुलं, पेढे घेऊन मुकाट हजर झाला. होडी तरंगली. एक थेंब आत आला नाही.

पण आदल्याच आठवड्यात शिरोड्याचा निरोप आला होता. भावांनी दुसरा सुतार बघितला होता. त्यांचं तरी काय चुकलं? ते किती दिवस थांबणार?

व्यापाऱ्याने कागद घडी करून खिशात घातला. बाबांच्या हातावर पेढा ठेवून तो मोठ्या मनाने म्हणाला, “चला, आजपासून तुम्ही मोकळे.”

आणि माझ्या बाबांनी डांबराने काळे झालेले दोन्ही हात त्याला जोडले. त्या माणसावरचा माझा राग एक वेळ विरेल, पण त्या जोडलेल्या हातांचा राग अजून माझ्याच्याने गिळवत नाही.