चंद्रीची तूर आणि माझी वाढती मांडणी

ज्या वर्षी आमच्या घरात वरण शिजेनासं झालं, त्या वर्षी मी मेडशीतला सर्वांत यशस्वी शिक्षक होतो.

दोन्ही गोष्टी एकाच कारणानं घडल्या, म्हणून क्रमानं सांगतो. मला क्रमानं सांगायची सवय आहे. घरात सामानाची यादी मी करतो, पाहुण्यांची यादी मी करतो, आणि कोणती यादी कुठे ठेवली याचीही एक यादी करतो. (ती सध्या सापडत नाही.)

इंग्रजी अमदानी होती. मी गावच्या शाळेत मास्तर, थोरला दादा शेती बघायचा आणि चूल दोघांची एकच, वहिनीची. त्या चुलीचा नियम पक्का होता. तूर आपल्या वावरातली, डाळ घरच्या जात्यावर भरडलेली, आणि प्रत्येकाच्या ताटात वाटीभर वरण. विकतची डाळ म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असं वहिनी मानायची. एकदा वाशीमच्या बाजारात ओळखीच्यांच्या गाडीत तिला डाळीचं पोतं दिसलं, तर ती त्या घरच्या बाईजवळ जाऊन हळू आवाजात विचारून आली की घरी सगळं ठीक आहे ना.

त्या वर्षी गणिताचं नवं पुस्तक आलं. पाढे संपल्यावर त्यात एक नवाच धडा होता, संख्यांची मांडणी. काही संख्या दिलेल्या असायच्या. त्या कोणत्या नियमानं चालल्यात ते ओळखायचं आणि पुढची सांगायची. शाळा तपासायला येणारे डिपोटी साहेब याच धड्यावर प्रश्न विचारणार, अशी बातमी जवळच्या मालेगावहून आली होती.

मी फळ्यावर लिहिलं : एक, दोन, चार, आठ. पुढची कोणती? एक जण म्हणाला, "नऊ." का? तर आठानंतर नऊच येतात, हे मीच त्याला पहिलीत शिकवलं होतं.

मी व्यवहारी माणूस. फळ्यावर जमत नाही ना, तर पोरांच्या हातात रोज जे असतं त्यातून शिकवावं, असं ठरवलं. पेरणी तोंडावर होती. आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात आणि ती तिफणीनं पेरतात. पुढे गडी बैल हाकतो, बाया तिफणीवरच्या चाड्यात सरकी सोडत चालतात आणि एका फेऱ्यात तीन तास, म्हणजे तीन ओळी, पडतात. ठरावीक फेरे झाले की तुरीचा एक तास घ्यायचा. त्यासाठी तिफणीमागे दोरीनं एक पोकळ बांबू बांधलेला असतो, तो सरता. सरत्यात तूर सोडणं हे घरच्या पोरांचं काम. माझा सगळा वर्ग दर पेरणीला सरत्यावर! यापेक्षा चांगला फळा मला कोण देणार होतं?

मी विचारलं, तुमच्या वावरात तुरीचा तास किती फेऱ्यांनी येतो? उत्तर आलं, तीन, तीन, तीन, तीन. बरं, पुढची संख्या? तीन. सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर आलं आणि मला फार वाईट वाटलं.

"ही काय मांडणी झाली?" मी म्हणालो. "जरा वाढती करून पाहा. डोकं चालवा."

डोकं चालवा, असं म्हणालो. तिफण चालवा, असं म्हणालो नव्हतो. (हा फरक मी पुढे बऱ्याच लोकांना समजावून सांगितला. एकालाही पटला नाही.)

दादाची मुलगी चंद्री माझ्याच वर्गात होती. मोठी आज्ञाधारक पोर. पेरणीला ती परकराच्या ओच्यात तूर घेऊन सरत्यावर चालली. आता तिफण हाकणारा माणूस मागे बघत नाही. त्याची नजर बैलांच्या मधून समोरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. मागे बघितलं की तास वाकडा, आणि वाकडा तास साऱ्या गावाला वर्षभर दिसतो. दादाचे तास दोरी लावल्यासारखे सरळ, त्यासाठी त्याचं नाव होतं. त्यामुळे पेरणी संपेपर्यंत दादानं एकदाही मागे बघितलं नाही. चाड्यावरच्या बायांनी मध्ये विचारलं म्हणे, की अगं पोरी, तुरीचा तास अजून कसा नाही? चंद्री म्हणाली, काकाजीनं वाढती सांगितली आहे. मास्तरांनी सांगितलंय म्हटल्यावर बायांची शंका फिटली आणि त्यांनी पुढचं गाणं धरलं.

संध्याकाळी चंद्रीनं अर्ध्याहून जास्त बियाणं परत आणलं. वहिनी हरखली. पोरगी किती हात राखून पेरते, हे तिनं शेजारी दोन्हीकडे सांगितलं. मीही भर घातली की हा शिक्षणाचा परिणाम. (यात चूक काहीच नव्हतं.)

पुढे पीक वर आलं, तासांमधलं तण काढायची, डवरणीची, वेळ झाली आणि एके दिवशी दादा भर दुपारी घरी आला. डवरा सोडून दुपारी घरी येणारा माणूस तो नव्हे. पाय न धुता ओसरीवर बसला. पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"मास्तर, वावरात चाल," तो म्हणाला. (दादा हादरला की मी त्याचा भाऊ उरत नसे, मास्तर होत असे.)

"काय झालं?"

"मले नाई सांगता येत. तूच पाह्य."

मी पाहिलं. धुऱ्यालगत तूर अशी दाटलेली, जणू वरातीला जमली होती. मग थोडी विरळ. मग बरंच चालून गेल्यावर एक तास. मग आणखी लांबवर एकटाच एक तास. आणि त्याच्या पलीकडे, नजर पोचेल तिथवर, नुसती पऱ्हाटी. हिरवीगार, सरळ तासांची, एकाही तुरीशिवाय.

मी धुऱ्यापासून फेरे मोजत गेलो. आणि काय सांगू, तोंडातून शब्द निघाले ते असे : "एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस! दादा, पोरीला मांडणी आली!"

दादानं माझ्याकडे बघितलं. बैल अंगावर आला तर माणूस बघतो तसं.

"बत्तिसानंतर काय येते?"

"चौसष्ट."

"आपलं वावर तेवढं हाये काय?"

मी धुऱ्याकडे बघितलं. नव्हतं.

"मंग माही तूर कुठी गेली?"

यावर आमच्या मागोमाग आलेली चंद्रीच पुढे झाली. तिचा चेहरा रडवेला होता, पण कारण वेगळं होतं. "काकाजी, चौसष्ट व्हायच्या आंधी धुराच आला. उत्तर अर्धं राह्यलं. चालते काय?"

काही करता येण्यासारखं नव्हतं. हातभर वाढलेली पऱ्हाटी उपटून तिथे तूर टोबायची, हे दादाच्या हातून होणार नव्हतं, आणि मला कुणी विचारलं नाही. आम्ही तिघं घराकडे निघालो, आणि वाटेत मला दुसरा धक्का बसला. शेजारचं वावर. तिथे एक, तीन, पाच, सात. त्याच्या पुढचं : एक, चार, नऊ, सोळा. (वर्गसंख्या! त्या पोराला मी ढ समजत होतो.) माझा सारा वर्ग मेडशीच्या शिवारात उगवून आला होता. घरी पोचेस्तोवर दारात माणसं जमलेली. मी सवयीनं कुणाचं वावर, कोणती मांडणी, अशी यादी करायला बसलो. वहिनीनं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि चुलीत घातली.

जमलेल्यांत एकटा गणपत तेवढा खुशीत. त्याच्या वावरात तुरीला तोटा नव्हता. त्याच्या मुलानं धडा पुढे वाचून घटती मांडणी लावली होती : सोळा, आठ, चार, दोन, एक, आणि मग धुऱ्यापर्यंत एक, एक, एक.

हे ऐकल्यावर वहिनी पहिल्यांदा बोलली. "भाऊजी, आपल्या पोट्टीले घटती काहून नाई शिकवली?"

पुस्तकात वाढती आधी होती.

धुऱ्यालगतची तूर निघाली, ती दुसऱ्या वर्षाच्या बियाण्याला ठेवावी लागली. कणगीतली जुनी डाळ संक्रांतीपर्यंत पुरली, आणि घरात वरण दिसेनासं झालं. विकत आणू या, असं मी एकदाच सुचवलं. वहिनीनं असं बघितलं, जणू मी घर विकू या म्हणालो होतो. आम्ही भाकरीशी ठेचा आणि ताक घेऊ लागलो. दादा ताटाकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग जेवायचा.

आणि अशात डिपोटी साहेब आले. त्यांनी फळ्यावर पाच संख्या लिहिल्या. खडू खाली ठेवायच्या आत साऱ्या वर्गानं सहावी सांगितली. त्यांनी उलटी मांडणी दिली, तीही सांगितली. असा वर्ग आपण तालुक्यात पाहिला नाही, असं साहेब म्हणाले, आणि ही पद्धत कोणती, म्हणून विचारू लागले. दारात पालक उभे होते. मी म्हणालो, प्रात्यक्षिक. दारात कुणीतरी खोकलं.

साहेब जेवायला आमच्याकडे. साहेबांपुढे ठेचा वाढायला वहिनी तयार नव्हती, म्हणून तिनं गणपतच्या घरून ओंजळभर डाळ मागून आणली होती. पंगत छोटी : साहेब, त्यांचा शिपाई, दादा आणि मी. कित्येक आठवड्यांनी वरणाचा वास आला. वहिनी वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन वाढायला आली. साहेबांना पूर्ण वाटी. शिपायाला अर्धी. दादाला पाव. मग ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"ओळखा, भाऊजी," ती म्हणाली.

मी हळूच म्हणालो, "वहिनी, या मांडणीत संख्या निम्मी निम्मी होत जाते. शून्य कधीच येत नाही."

"तुमच्या पुस्तकात येत नसन. माह्या गंजात येते." आणि तिनं गंज उपडा करून दाखवला.

साहेबांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. दादा, डवरणीनंतर पहिल्यांदा, हसला, आणि साहेबांना तुरीची सगळी हकीकत सांगून मोकळा झाला. साहेबांनी जाताना शाळेच्या शेरेबुकात स्वतःच्या हातानं लिहिलं, की मास्तरांची शिकवण विद्यार्थ्यांच्या वावरात आणि मास्तरांच्या स्वयंपाकघरात सारखीच रुजलेली दिसते. माझ्या नोकरीतला तो सर्वोत्तम शेरा. मी तो उपाशीपोटी, पण मन लावून, दोनदा वाचला.