नात्यातली नसावी

घडीताईंचं घोडं अर्जाच्या शेवटच्या रकान्यात अडलं. नाव, पत्ता, वय, शिक्षण, सगळं भरून झालं होतं. खाली छापलं होतं : 'आपले काम जवळून पाहिलेल्या एका व्यक्तीचे नाव व फोन नंबर. व्यक्ती नात्यातली नसावी.' त्यांनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला. चष्म्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एकाच लाँड्रीत घालवली होती. हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, नॅपकिन. 'घडीताई' हे नाव तिथेच पडलं आणि इतकं चिकटलं की खरं नाव आता फक्त बँकेला ठाऊक. मग लाँड्री बंद पडली. मालक परदेशी मुलाकडे निघून गेले आणि त्यांचा फोन कुणी उचलेना. बरोबरच्या दोघींपैकी एक ताईंची जाऊ, दुसरी मावसबहीण. दोघींनाही ताईंनीच तिथे लावून दिलं होतं. माणसाने आपल्या माणसांचं भलं करू नये ते यासाठी.

उरल्या मुकादमबाई. त्यांनीच ताईंना कामाला घेतलं, शिकवलं आणि चारचौघांत फैलावरही घेतलं. त्यांच्याइतकं ताईंचं काम जवळून कुणीच पाहिलं नव्हतं. पण मुकादमबाईंच्या मुलाने ताईंच्या लेकीशी लग्न जुळवलं आणि मुकादमबाई एका दिवसात विहीणबाई झाल्या. 'ए, तो गठ्ठा उचल' म्हणणारी बाई 'अहो, बसा ना' म्हणायला लागली. ते ताईंच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं. समोर बसल्या की आपण बसावं की उठून काहीतरी उचलावं, हेच त्यांना कळायचं नाही.

नोकरी हॉस्पिटलच्या लिनन रूममधली होती, वॉर्डाच्या चादरी आणि गाउन जिथून जातात त्या खोलीतली. ती मिळाली नाही तर घर सोडून भावाकडे राहायला जायचं ठरलं होतं. भाऊ स्वभावाने चांगला होता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर तोंडावर नाही म्हणता आलं असतं. त्याने आत्ताच खिडकीजवळची जागा ताईंसाठी रिकामी करून ठेवली होती.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. लेक म्हणाली, "आई, आडनावं वेगळी आहेत. कुणाला कळतंय?" भाऊ म्हणाला, "त्यांना रक्ताचं नातं म्हणायचं असेल." जाऊ म्हणाली, "विहीण म्हणजे नात्याच्याही वरचं, हे तर सरळ खोटं होईल." ताईंना तिघांचंही पटलं. ज्याचं ऐकावं त्याचं खरं वाटायचं आणि पुढच्याचं ऐकलं की आधीचा खोटारडा वाटायचा. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी त्यांनी मुकादमबाईंचं नाव लिहिलं, अर्ज देऊन टाकला आणि मग विचारायला त्यांच्या घरी गेल्या. उलटं व्हायला हवं होतं, हे त्यांना जिना चढताना सुचलं.

विषय काढायला त्या शब्द शोधत होत्या, तेवढ्यात मुकादमबाईंचा फोन वाजला. मशिनांच्या खडखडाटाने त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर असायचा. हॉस्पिटलची मेट्रन बोलत होती. तिने अर्जावरचं नाव वाचून दाखवलं.

"या तुमच्या कोण लागतात?"

मुकादमबाईंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"लागायचं काय त्यात?" मुकादमबाई म्हणाल्या. "माझ्या हाताखाली होती."

"काम कसं आहे?"

"हळू. पण परत करावं लागत नाही. चादर जळाली तर लपवणार नाही, तुमच्या नाकासमोर आणून धरेल. कुणी चुकीचं बोललं तर मात्र ऐकून घेणार नाही."

फोन ठेवल्यावर मुकादमबाई म्हणाल्या, "खोटं कुठे बोलले? होतात ना हाताखाली?"

"होते," ताई म्हणाल्या. काम फत्ते झालं होतं, पेढा मिळाल्यासारखं तोंड व्हायला हवं होतं, पण त्यांना वाईट वाटत होतं. ज्या घरात पोटची पोर दिली, तिथे आपण इतक्या सहज कुणीच लागत नाही, हे त्यांना लागलं. आणि तसं सांगा म्हणायला आपणच तर आलो होतो, तेव्हा रागवायचं कुणावर?

नोकरी मिळाली, पण पहिले सहा महिने कच्ची. मेट्रन रोज यायची आणि गठ्ठ्यातली नेमकी मधली चादर ओढून बघायची. ताई मनातल्या मनात तिचा उद्धार करायच्या आणि चादर पुन्हा लावायच्या. हळूहळू मेट्रनचं ओढणं थांबलं. ती दारात उभी राहायची, गठ्ठ्यांवर नजर टाकायची आणि जायची.

मग लेकीचे दिवस भरले आणि तिला आणलं ते याच हॉस्पिटलात. बाकाच्या एका टोकाला मुकादमबाई, दुसऱ्या टोकाला गणवेशातल्या घडीताई, मांडीवर दोन चादरी, उगाच.

"मी तुम्हाला ओळखत नाही," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"बरं," मुकादमबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

मेट्रन समोरून आली. "तुम्ही इथे कशा?"

"चादरी," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात दार उघडून नर्स बाळाला घेऊन बाहेर आली. "मुलगी झाली, आई छान आहे. आजी कोण?"

दोघी एकदमच उठल्या. चादरी जमिनीवर पडल्या.

मेट्रन एकीकडे बघे, मग दुसरीकडे. मुकादमबाईंनी तोंड उघडलं, पण ताईच आधी बोलल्या. "मी बाळंतिणीची आई, या जावयाची आई. फोनवर तुम्ही यांच्याशीच बोललात. तेव्हाही आम्ही विहिणीच होतो."

"अर्जावर काय छापलं होतं, वाचलं नव्हतं का?"

"तीनदा वाचलं. मला कळलंच नाही. आधी या मुकादम होत्या, मग विहीण झाल्या. पुढचं नातं जुळलं म्हणून मागचं काम पुसलं जातं का?"

"नियम आहे," मेट्रन म्हणाली. "उद्यापर्यंत दुसरं नाव द्या. काम पाहिलेलं माणूस हवं आणि नात्यातलं नको. नाहीतर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

नर्सने बाळ ताईंच्या हातात दिलं. ताईंना काही सुचेना. जाऊ नको, मावसबहीण नको, विहीण नको. मग राहिलं कोण? त्या अगदी भाबडेपणाने म्हणाल्या, "मग तुमचंच लिहू का?"

बाळाचं दुपटं सरळ करायला पुढे आलेला मेट्रनचा हात तसाच राहिला. आपण हसायचं की ओरडायचं, हे या वेळी तिला कळेना.

"लिहा," ती शेवटी म्हणाली. "पण काम हळू आहे, हे मीसुद्धा सांगेन." आणि खाली पडलेल्या चादरींकडे बोट दाखवून ती निघून गेली.

ताईंच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. मुलांचं लग्न झाल्यापासून 'अहो'खेरीज शब्द न काढलेल्या मुकादमबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

"ए, रडतेस काय? पोरगी भिजेल."