समोरचा माणूस हलतो

पन्नाशी उलटल्यावर मी दिल्लीत करोल बागेतल्या फोटोग्राफीच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ बसत. कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. प्रकाश किती, अंतर किती, हे ते नुसत्या नजरेनं सांगत. इतकं येत असताना हे इथे काय शिकायला आले, असं मला वाटायचं.

एकदा सरांनी शेजाऱ्याचा फोटो काढायला सांगितला. त्या गृहस्थांनी कॅमेरा माझ्यावर रोखला. मी संकोचून हसले, केस सारखे केले, तसा त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"क्या हुआ, भाईसाहब?"

"आप हिल रही हैं," ते म्हणाले. "तीस साल पुलिस के लिए लाशों के फोटो खींचे. मेरे सामने कभी कोई हिला ही नहीं. रिटायर हुआ तो सोचा, ज़िंदा लोगों के भी सीख लूँ."

माझं हसू तिथंच थिजलं. मघापासून माझं कपाळ, मान, मनगटं न्याहाळणारी ती नजर कुठून आली होती, ते मला कळलं. मी पुतळ्यासारखी बसून राहिले.

"नहीं, नहीं मैडम," ते घाबरून म्हणाले, "ऐसे मत बैठिए. प्लीज़, हिलिए."