घामाने न उतरलेली चरबी

तौनो ह्यूर्कास जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झाला, तेव्हा त्याचं पोट टणक होतं आणि तोंड त्याहून टणक. मग प्रोस्टेटच्या कॅन्सरवर हार्मोन अडवणारी इंजेक्शनं सुरू झाली आणि पोट सुटलं. छाती लोंबायला लागली. फिनलंडमधल्या ताम्पेरे गावच्या भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या. आरशासमोर शर्ट काढला की त्याला स्वतःचीच शिसारी यायची.

त्यात डॉक्टर पिर्क्कोबाईंनी रक्ततपासणीचा निकाल सांगितला. रक्तातली चरबी वाढली होती. तोही इंजेक्शनाचाच प्रताप.

"म्हणजे गार झालेल्या डुकराच्या रश्श्यावर साचतो तो थर माझ्या नसांतून वाहतोय?"

"तसंच समजा. सॉसेज बंद, चालणं सुरू. महिन्याने पुन्हा तपासू."

तौनोने मनाशी ठरवून टाकलं: चरबी नाही उतरली, तर इंजेक्शनच बंद. कॅन्सर परवडला, पण हा ओंगळपणा नको.

आता उतरवायची कशी? सौनात, म्हणजे तापल्या धोंड्यांच्या वाफेच्या खोलीत! इथल्या माणसाला सर्दीपासून सासूपर्यंत सगळ्यावर तोच एक उपाय ठाऊक. तो दर शनिवारी, पुरुषांच्या वारी, इमारतीच्या तळघरातल्या सौनात, सगळ्यात वरच्या फळीवर बसून घाम गाळू लागला. पहिल्याच शनिवारी शेजारच्या रेइयोने त्याच्या छातीकडे बघून शीळ घातली.

"लेका, बायकांचा वार गुरुवारी असतो!"

"थोबाड आवर. चरबी वितळवतोय."

"मग हे घे, वितळवायला काहीतरी नको का?" म्हणत रेइयोने तापल्या धोंड्यांवर भाजलेलं, तेल गळणारं सॉसेज पुढे केलं. तौनोने खाल्लं. एवढा घाम गेलाय, तेवढी जागा झालीच असणार, असा त्याचा हिशेब. असं प्रत्येक शनिवारी झालं.

पुढच्या तपासणीत चरबी आणखी चढलेली.

"घामातून पाणी जातं, तौनो. चरबी नाही," पिर्क्कोबाई म्हणाल्या. "तिच्यासाठी गोळी देते. पण इंजेक्शन सोडलंत, तर कॅन्सरच्या गाठीला मेजवानी."

"नको मला काही. किळस येते मला माझी."

त्याची बायको सिल्वी कोपऱ्यात स्वेटर विणत बसली होती. तिने मान वर केली नाही. "सोड की. फक्त मयताला घालायचा माझा काळा ड्रेस मला आता होत नाही. तेवढ्यासाठी नवा घ्यायला लावू नकोस, मेल्या."

तौनोने तोंड वाकडं करत शर्ट वर केला, इंजेक्शनसाठी पोटाची वळी चिमटीत धरली.

"शी! लोण्याचा गोळा नुसता," तो म्हणाला. "टोचा लवकर, मला बघवत नाही."