पुठ्ठ्यांचा समुद्र

सोलापुरात भवानी पेठेतल्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत असे, तेव्हाची गोष्ट. वर्गातल्या एकीनेही समुद्र पाहिलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. तरी शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांसाठी अरबी समुद्रापासून सोलापूरपर्यंतचा उठावाचा नकाशा करायचा, असं मी ठरवून टाकलं. जमेल की नाही हा प्रश्न मला त्या वयात पडतच नसे.

नव्या पेठेतल्या कापडवाल्यांकडून ताग्यांतले पुठ्ठे मागून आणले. विणकरांच्या मुलींनी घरून सुताला लावायची खळ आणली. त्या तिला गंजी म्हणत. पाचशे फुटांना एक पुठ्ठा, असं माप धरलं. सोलापूर तीन पुठ्ठ्यांवर आलं, महाबळेश्वर नवांवर. समुद्राचा तळ मात्र आमच्या पुस्तकात नव्हता. किनारा संपला की खोल खड्डा, अशा समजुतीने मी मुंबईला लागूनच सरळ कडा तोडला.

शाळेसमोर छत्र्या दुरुस्त करणारे एक चाचा बसत. तरुणपणी ते बोटीवर खलाशी होते. माझी छत्री द्यायला ते वर्गाच्या दाराशी आले आणि नकाशा पाहून थांबले.

"बाई, हितं एवढं खोल न्हाय."

"चाचा, समुद्र आहे तो."

"व्हय, पण लई लांबपर्यंत उथळच हाय. दोरीला शिसं बांधून आमीच मोजायचो की."

मला रागच आला. तपासणी चार दिवसांवर होती. पण दुसऱ्या दिवशी चाचा कप्तानाने टाकून दिलेला एक जुना नकाशा घेऊन आले. त्यात जमीन कोरी होती आणि पाण्यात आकडेच आकडे. आकडे वावांचे, म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर, सहा फूट. एका मुलीने लगेच हात पसरले. दुसरीने पट्टीने मोजून ती कमी भरते असं जाहीर केलं.

आम्ही आकडे वाचत पश्चिमेकडे निघालो. ते सावकाश वाढत गेले आणि पार लांब गेल्यावर एकदम उडी मारून शेकड्यांत गेले.

"बाई, हे तर आपल्या माळासारखं सपाट!" हात पसरणारी म्हणाली.

"चूक माझी आहे," मी वर्गाला सांगितलं. "पुठ्ठे सोडवा."

ओली फडकी लावून दोन दिवस सोडवत, पुन्हा चिकटवत बसलो. मुंबईपुढे एका पुठ्ठ्याची पायरी लांबवर नेली आणि तिच्या टोकाशी खोल उतार केला.

दिपोटीसाहेब आले. नकाशाभोवती फिरून म्हणाले, "समुद्र नुसता निळा रंगवला असता तरी चाललं असतं. तळ कोणी पाहिलाय?"

"पाहिला नाही साहेब, मोजलाय," मी म्हणाले आणि चाचांचा नकाशा समोर पसरला.

त्यांनी चष्मा पुसला, चार-पाच आकडे बोटाने तपासले, मग हात पसरणाऱ्या त्या मुलीला उतार कुठून सुरू होतो ते विचारलं. तिने न अडखळता दाखवलं. साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या वर्गात गेले.

संध्याकाळी मी चाचांना बोलावलं. त्यांनी पायरीच्या टोकावर तळवा ठेवला.

"हितं पाण्याचा रंग बदलतो, बाई. काळा पडतो."

मी कपाटातून काळ्या शाईची दौत काढली.